उरलेली अर्धी दाढी

गावात कुणाचं काही दुखलं की तो आधी न्हावीमामांच्या खुर्चीत येऊन बसायचा आणि मग दवाखान्याचा विचार करायचा. मामांचं दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. लाकडी खुर्ची, तिच्यापुढे कोपरा उडालेला आरसा आणि भिंतीला लागून एक बाक. बाकावर दाढीला आलेले कमी आणि नुसते बसायला आलेले जास्त. मामा तीस वर्षं वस्तरा चालवता चालवता फुकट औषधं सांगत आले होते. पोट दुखत असेल तर गरम पाणी, डोकं दुखत असेल तर गार पाणी आणि दोन्ही दुखत असेल तर कोमट. लोक बरे व्हायचे, कारण बहुतेक दुखणी आपली आपणच बरी होतात; श्रेय मात्र मामा घ्यायचे. न्हाव्याचा उकिरडा कितीही उकरला तरी केसच निघणार, असं म्हणतात. मामांच्या बोलण्यातून केस सोडून सगळं निघायचं.

अशा माणसाला स्वतःचा आजार कळायला अर्थातच सगळ्यात जास्त वेळ लागला.

त्या वर्षी मामांना तहान फार लागायला लागली. दुकानातलं मडकं दुपारच्या आत रिकामं व्हायचं आणि मडकं रिकामं झालं की मामा दुकानामागे जायचे. एकदा जायचे, दोनदा जायचे, अर्धी दाढी टाकून तिसऱ्यांदा जायचे. इकडे गिऱ्हाइकाच्या गालावर फेस वाळून चुन्यासारखा कडक व्हायचा. एकदा पोस्टमन असाच वाळल्या तोंडाने बसून कंटाळला, मामांच्या मागोमाग गेला आणि परत येऊन त्याने बाकाला बातमी दिली की मामा जिथे उभे राहतात तिथे मुंग्यांची रांग लागली आहे. मामा म्हणाले, मुंग्यांना काय उद्योग, त्या कुठेही लागतात. पण संध्याकाळपर्यंत बातमी घरात पोचली आणि दुसऱ्या दिवशी मामींनी त्यांना मनगटाला धरून उपकेंद्रात नेलं.

उपकेंद्र तासाभराच्या वाटेवर होतं. दोन खोल्या, एक कपाट आणि सात गावांत मिळून एक नर्सबाई. बाई बारीक अंगाच्या, पण आवाज सात गावांना पुरेल असा. त्यांनी मामांच्या बोटाला सुई टोचली, थेंब यंत्राला पाजला, आकडा पाहिला, यंत्र झटकलं आणि पुन्हा पाहिला.

"मामा, साखर आहे," बाई म्हणाल्या.

मामांना वाटलं, चहाचं विचारतायत. ते म्हणाले, नको बाई, घरून घेऊन निघालोय.

मग बाईंनी नीट समजावून सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि किती दिवसांत बरं होईल ते विचारलं. बाई म्हणाल्या, हे बरं होत नसतं, सांभाळायचं असतं. गोळ्या रोज आणि जन्मभर. मामांना ते अजिबात पटेना. बरं होणारच नसेल तर औषधाचा उपयोग काय, असं त्यांनी विचारलं. तीस वर्षांच्या वैद्यकीत असला आजार त्यांच्या पाहण्यात नव्हता.

"तुम्ही माणसाची दाढी करता, ती परत वाढते ना?" बाई म्हणाल्या. "मग गिऱ्हाईक येऊन भांडतं का, की माझी दाढी अजून बरी झाली नाही म्हणून?"

मामांच्याच वस्तऱ्याने मामांची हजामत कुणी केली, असं पहिल्यांदाच होत होतं. दहा दिवसांच्या गोळ्या घेऊन ते मुकाट्याने घरी आले आणि मुकाट्याने त्यांनी त्या खाल्ल्या. तहान कमी झाली. मुंग्यांनी दुसरीकडे बिऱ्हाड हलवलं. दहा दिवसांनी ते आणखी गोळ्या घेऊन आले. गरज सरो वैद्य मरो ही जगाची रीत असली तरी इथे गरजच सरणार नाही, हे मामांनी मनाशी मान्य केलं. मामी म्हणाल्या, चला, तुम्हाला काहीतरी पटलं.

आता मामांना पटलं, तर सरकारला पटेना. तिसऱ्या खेपेला कपाट रिकामं होतं. बाई म्हणाल्या, वरून आल्या नाहीत. वर म्हणजे नेमकं कुठे, हे सात गावांत कुणालाच ठाऊक नव्हतं. पावसासारख्या गोळ्याही वरून यायच्या आणि पावसासारख्याच हुलकावणी द्यायच्या. बाईंनी वही उघडून दाखवली. पाच मागणीपत्रं पाठवली होती, पाचांचं उत्तर नव्हतं. पुढच्या बुधवारी या, म्हणाल्या. मामा पुढच्या बुधवारी गेले आणि त्याच्या पुढच्याही. दर बुधवारी दुकान बंद, दोन तास पायपीट, आणि वहीत एक मागणीपत्र वाढलेलं.

दरम्यान बाकाला जाग आली. तीस वर्षं ज्यांना मामांनी औषधं पाजली ते सगळे आता परतफेडीला बसले होते. पोस्टमनने सकाळी अनवाणी चालायला सांगितलं. गिरणीवाल्याने कोमट पाणी सांगितलं. ते मामांचंच औषध होतं, पण गिरणीवाल्याला ते आठवत नव्हतं. मेहुणा लांबून कसल्याशा पाल्याचा रस बाटली भरून घेऊन आला. तो इतका कडू होता की एका घोटात मामांना आजार गोड वाटायला लागला.

शेवटी मामा बाटलीवाल्या डॉक्टरकडे गेले. हा डॉक्टर बाजाराच्या गावात बसायचा. पूर्वी कुणा खऱ्या डॉक्टरच्या हाताखाली पुड्या बांधायला होता. डॉक्टर वारले आणि पाटीवर याचं नाव आलं. खोलीत तीन खाटा आणि भिंतीत तीन खिळे. ताप असो, पाठदुखी असो, नाहीतर सुनेशी भांडण असो, खिळ्याला बाटली लागायची आणि दंडात सुई जायची. त्याने मामांची नाडी धरली, डोळे मिटले, झोप कशी लागते ते विचारलं, मुलगी कुठे दिली ते विचारलं आणि सांगितलं की अंगातली ताकद गेली आहे, ती भरून काढली पाहिजे.

मामांना ते फार आवडलं. खरं औषध उपकेंद्रात होतं, म्हणजे कधीकधी असायचं, पण तिथे टेकायला जागा नव्हती आणि बाईंच्या मागे चाळीस माणसं उभी. इथे खाट होती, उशी होती आणि मनगटावर कुणीतरी हात ठेवला होता. बाटलीतलं थेंब थेंब पाणी बघत पडल्या पडल्या मामांना आपण मोठे आजारी आहोत याचा अभिमान वाटला. त्या बाटलीत साखरेचं पाणी आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ते तीनदा गेले. तिसऱ्यांदा दोन बाटल्या लावून घेतल्या.

पुढच्या बुधवारी बाईंनी बोटाला सुई टोचली तर आकडा आलाच नाही. यंत्रावर नुसतं 'हाय' असं इंग्रजीत उमटलं. मामांना वाटलं, ओळख वाढली तसं यंत्रही आता नमस्कार करायला लागलं. बाईंनी सांगितलं, साखर यंत्राच्या मोजण्याच्या पलीकडे गेली की ते असं म्हणतं. मग बाटलीची हकिगत ऐकून त्यांनी भर दारात मामांची बिनपाण्याने केली. मामींनी मध्ये पडावं म्हणून मामांनी मागे पाहिलं, तर मामी बाईंना बसायला स्टूल देत होत्या.

त्यानंतर बाजाराच्या गावातल्या शाळेच्या मैदानात आरोग्य शिबिर भरलं. मंडप, फलक, 'तुमचं आरोग्य तुमच्या हाती' या विषयावर तासभर भाषणं. मग शहरातल्या डॉक्टरांनी लोक तपासले. एका बाजूची मिशी कातरायला मामांना जेवढा वेळ लागायचा त्याहून कमी वेळात मामा तपासून झाले. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, की रोज चालत जा.

मामी म्हणाल्या, "साहेब, दोन तास चालतच आलोय."

"छान. असंच चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले.

पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पाकीट हातात धरून मामांचा फोटो काढला. मामा डोळे मिटत होते म्हणून तो तीनदा काढावा लागला.

डोळ्यांचं खरं दुखणं तिथूनच लक्षात आलं. उजव्या डोळ्यापुढे कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी तरंगायला लागलं. पहिले काही दिवस मामा आरसा पुसत राहिले. मग मामींनी तो राखेने घासून दिला, तरी जाळं जाईना. आणि एका सकाळी गिरणीवाल्याच्या कानाच्या पाळीला वस्तरा लागला. फार नाही, पण रक्त आलं आणि गिरणीवाल्याने पिठाच्या हाताने कान धरून गावभर दाखवला.

त्या दिवसापासून खुर्ची रिकामी झाली. बाक मात्र भरलेलाच. जी माणसं मामांना रोज नवं औषध सांगत होती, त्यांचा आपल्या औषधावर एवढाही भरवसा नव्हता, की ते घेतलेल्या माणसापुढे मान द्यावी. शेजारच्या गावातून दाढी करून यायची आणि गुळगुळीत गालांनी मामांच्या बाकावर बसून चौकशी करायची, काय मामा, आज कसं वाटतंय. सतत बोलणारे मामा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. मामी हे दोन दिवस बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली आणि त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

मोठ्या दवाखान्यात चार खिडक्या होत्या. पहिलीत कागद मिळाला, दुसरीत त्यावर शिक्का. तिसरीच्या आत एक तरुण डॉक्टर होती. तिने मात्र नीट तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना आजच दाखवा म्हणाली. डोळ्यांचे डॉक्टर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी यायचे. तो दुसरा गुरुवार होता. चौथी खिडकी औषधांची. तिच्यात औषधबाबू बसला होता, तीन दिवसांची दाढी खाजवत. त्याने कागद पाहून परत सरकवला. तुम्ही उपकेंद्राचे पेशंट, तुमच्या गोळ्या तिकडे मिळतील. मामींनी सांगितलं, तिकडे वरून आल्या नाहीत. तर म्हणाला, मग इथेही वरून आल्या नाहीत.

त्याच्या पाठीमागे खोकी रचलेली होती. मामांना एका डोळ्याने का होईना, ती दिसत होती. त्यांनी बोट दाखवलं.

"ती अजून चढवलेली नाहीत," बाबू म्हणाला.

खोकी छतापर्यंत चढवलेली होती. पण बाबूला ती वहीत चढवायची होती. मामांनी आणखी कुठे चढवायची म्हणून विचारलं, तेव्हा बाबूने खिडकीची फळी खाली ओढता ओढता सांगितलं, पुढच्या बुधवारी या.

त्याला दीड महिना झाला, मधल्या पहिल्या गुरुवारी डोळ्यांचे डॉक्टर कुठल्याशा शिबिराला गेलेले निघाले, आणि उपकेंद्राची तपासणी जाहीर झाली. दोन खोल्यांना चुना लागला, रिकाम्या कपाटाला नवं कुलूप आलं. मोठ्या मॅडम, म्हणजे तालुक्याच्या आरोग्य अधिकारी, अकरा वाजता यायच्या होत्या. त्यांच्या आधी कागद जुळवून ठेवायला औषधबाबू सकाळच्या गाडीने मामांच्या गावात उतरला, कारण ती गाडी उपकेंद्रापर्यंत जात नव्हती, आणि तोही तसाच, वाढल्या दाढीने. मॅडम शिस्तीच्या. त्याने न्हाव्याचं दुकान विचारलं. पोस्टमनने मोठ्या प्रेमाने त्याला हाताला धरून आणलं आणि बाकावरच्यांना सरकवून स्वतःला पुढची जागा करून घेतली.

उजव्या डोळ्यापुढचं जाळं आता पडद्यासारखं दाट झालं होतं; मामांनी त्याला चेहऱ्यावरून नाही, आवाजावरून ओळखलं. कित्येक दिवसांनी खुर्चीत कुणी बसलं होतं. हात शिवशिवत होते. त्यांनी फेस केला, वस्तरा लावला आणि चांगला डावा डोळा अगदी जवळ नेऊन उजवा गाल सुरू केला. बाबू आरशात बघत बाकाला सांगत होता, की खेड्यातल्या माणसांना वेळेवर औषध घ्यायची शिस्तच नसते. हात जुना होता. गाल सुरेख झाला. मामा डाव्या गालाकडे वळले, वस्तरा टेकवणार, तेवढ्यात चांगल्या डोळ्यात कुणीतरी दौत कलंडवावी तशी शाई पसरली. आरसा गेला. गाल गेला. राहिला फक्त खिडकीचा उजेड, तोही लालसर.

मामांनी वस्तरा मिटला. हाताने चाचपत बाकाचा कोपरा शोधला आणि खाली बसले. बाकावरची माणसं आपोआप सरकली.

बाबूने थोडा वेळ वाट पाहिली. मग चिडून विचारलं, की उरलेली कोण करणार?

मामांना खरं तर सांगायचं होतं की मला दिसेनासं झालंय. पण जीभ कोरडी पडली होती आणि तिच्यावर गेले कित्येक बुधवार जे वाक्य बसलं होतं तेच बाहेर आलं.

"उरलेली अजून वरून आलेली नाही, साहेब. पुढच्या बुधवारी या."

आधी पोस्टमन हसला, त्याच्यामागे गिरणीवाला आणि मग रस्त्यावर उभी असलेली माणसंही आत डोकावून हसायला लागली. बाबूचा साफ गाल लाल झाला. दुसऱ्या गालावर फेस होता. तो अंगावर ओरडला, नोकरी, तक्रार, पोलीस असं बरंच काही म्हणाला. आरडाओरड ऐकून मामी मागच्या दाराने आल्या. त्यांनी बाबूकडे पाहिलंच नाही. मामा वस्तरा मिटून बसलेत आणि त्यांची नजर कुठेच नाही, एवढं त्यांना दिसलं. त्या खाली वाकल्या. मामा हळूच म्हणाले, "अगं, मला दिसत नाहीये." ते फक्त त्यांनाच ऐकू गेलं.

मामी उठल्या आणि उपकेंद्राच्या वाटेला लागणार तोच समोर गाडी थांबली आणि नर्सबाई उतरल्या, मागे मोठ्या मॅडम. मॅडम उपकेंद्रात वेळेआधी पोचल्या होत्या आणि बाबूला शोधत इथवर आल्या होत्या. तो त्यांना सापडला, एका गालाने गुळगुळीत आणि दुसऱ्या गालाने जंगल. मॅडमनी काय प्रकार आहे म्हणून विचारलं, तर पोस्टमनने सगळं सांगितलं, थोडं वाढवूनच. नर्सबाईंनी आपली वही पुढे केली. मागणीपत्रं आता सव्वीस झाली होती. मॅडमनी वही उभ्या उभ्या चाळली, एकदा बाबूकडे पाहिलं आणि चेहऱ्यावरचं हसू दाबलं. मग मामांच्या पापणीखाली अंगठा घालून उजेडात डोळा पाहिला आणि ते हसू पुरतंच गेलं.

त्या म्हणाल्या, हे आंधळे होतायत. माझी गाडी घ्या, शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात न्या, आत्ता. मामी पायात चप्पल न घालता गाडीत बसल्या. तपासणी रद्द झाली, चुना फुकट गेला. गावात दुसरा न्हावी नव्हता. बाबू गालावर रुमाल दाबून दुपारच्या गाडीपर्यंत फाट्यावर उभा होता, आणि त्याला बघायला शाळाही सुटली होती.

शहरात मामांच्या डोळ्यांवर सहा वेळा किरण सोडले. उजवा बराचसा सावरला. डावा गेला तो गेलाच. त्याला माणूस आहे की झाड, एवढंच कळतं. तिथले डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी यायला हवं होतं. मामी म्हणाल्या, सहा महिने आधी आम्ही घरातून निघालो होतो, पोचलो आज.

गाव मामांना शूर म्हणायला लागलं. बाबूची अर्धी दाढी करून त्याला उठवलं, हे धाडस कुणाच्या बापाला जमलं नसतं. मामांनी दोनदा खरं सांगून पाहिलं, की मला दिसत नव्हतं. लोकांना वाटलं, विनय. तिसऱ्या वेळी मामांनी सांगायचं सोडून दिलं. चौथ्या वेळी ते म्हणाले, मी मनात ठरवलंच होतं. मामींनी तेव्हा त्यांच्याकडे असं पाहिलं की एका डोळ्यानेही ते त्यांना दिसलं.

तपासणीचा अहवाल महिन्याने आला. औषधांबद्दल त्यात एक ओळ नव्हती; कर्मचाऱ्यांनी दौऱ्यावर येताना दाढी करून यावे, अशी मात्र स्पष्ट सूचना होती. तरी गोळ्या आल्या. तीन महिन्यांच्या, एकदम, बाबूच्या सहीने.

दुकान आता मामी चालवतात. वस्तऱ्याला धार त्यांनीच तीस वर्षं लावली होती आणि सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांची दाढीही त्याच करायच्या. हात बसलेला होता. पहिले आठ दिवस बाई माणसाच्या हाती मान कशी द्यायची म्हणून बाकाने चर्चा केली. मग शेजारच्या गावाची चढण जड झाली आणि सगळ्यात आधी गिरणीवाला येऊन बसला. मामी दाढी करताना एक शब्द बोलत नाहीत. लोकांना ते फार आवडतं.

मामांना बुधवार राहिला आहे. गावात शोधलं तर साखरेची, दाबाची, फेफऱ्याची मिळून अकरा माणसं निघाली, आपापल्या घरात लपून बसलेली. मामा सगळ्यांना गोळा करून नेतात. एकाला 'वरून आल्या नाहीत' म्हणणं सोपं असतं, अकरांना अवघड जातं, हे त्यांचं नवं वैद्यक. तीन महिन्यांनी कपाट पुन्हा रिकामं झालं तेव्हा अकराही जण उपकेंद्राच्या पायरीवर बसले. मामा म्हणाले, बाई, तुमच्यावर राग नाही, पण फोन लावा. आम्ही आहोत इथेच. बाईंनी फोन लावला. पलीकडे बाबूने पायरीवर कोण कोण बसलंय ते विचारून घेतलं.

गोळ्या शनिवारी आल्या. तीन माणसांच्या कमी होत्या. मामींनी दुकानाची राखण मामांवर सोपवली, चप्पल घातली आणि त्या तिघांना घेऊन मोठ्या दवाखान्याच्या गाडीला गेल्या.